नानांची टोपी आणि शेवटची गाडी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या शेडच्या कोपऱ्यात पत्र्याचे कापलेले तुकडे साठत जातात, तसेच हेही साठले. रोज पायात येतात, पण झाडून टाकायचं राहून जातं. आता शेडच रिकामी करायची आहे म्हटल्यावर हेही उचलायला हवेत.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना. कंपनीतून चासी येते. म्हणजे इंजिन, चाकं आणि स्टिअरिंग. बाकी सांगाडा, पत्रा, काचा, सीटा, रंग हे सगळं आमचं. मी सुरेश. ऑर्डरी आणणं आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणं हे माझं काम. सत्तावीस वर्षं झाली, तरी फोन वाजला की मी अजून आधी कारण शोधतो, मग उचलतो.

आता गाडी तयारच मिळते. चावी लावली की निघाली! त्यात नवे नियम, नव्या मंजुऱ्या, बॅटरीवरच्या बसेस. शेठ थकले. त्यांनी शेड केळी पिकवायच्या चेंबरसाठी देऊन टाकली. फक्त अमळनेरचे आबा, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांची एक गाडी बाकी होती. शेठनी उरलेल्या चौदा जणांना बोलावलं आणि सांगितलं, "आबांची गाडी गेटाबाहेर गेली की दुसऱ्या दिवशी कुलूप."

नानांनी विचारलं, "कोणता रंग देवाना शे गाडीले?"

नाना म्हणजे आमचे हेडमिस्त्री. शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असल्या तरी डोक्यावरची पांढरी टोपी हलत नाही. या माणसाला खोटं बोलता येत नाही. एवढा एक दोष सोडला, तर माणूस सोन्यासारखा!

*

चासी रस्त्यानेच चालवत आणतात. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. भर मे महिन्यात ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून उघड्यावर बसलेला असतो. अशीच एक चासी येत होती. पारोळ्याच्या अलीकडे एक अक्का गाठोडं घेऊन उभी होती. तिने हात दाखवला. ड्रायव्हर भला माणूस, थांबला.

"अक्का, ही बस नाही. अजून व्हायची आहे."

अक्काने गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली. मग गाठोडं चासीच्या लोखंडावर ठेवलं, स्वतः शेजारी चढून बसली आणि म्हणाली, "व्हई तवलोंग मी आठेच बसस!"

तिला खाली उतरवायला ड्रायव्हरला अर्धा तास लागला. आमच्या धंद्यावर इतका विश्वास नंतर कुणीच दाखवला नाही.

*

"रंग ओला आहे." हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा बोललो, तितक्यांदा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. गाडी का आली नाही? रंग ओला आहे. कधी येणार? रंग वाळला की लगेच.

एकदा भुसावळचा एक ट्रॅव्हल्सवाला फोन न करता थेट शेडमध्ये येऊन उभा राहिला. त्याच्या गाडीचा नुसता सांगाडा उभा होता. पत्राच नव्हता, तर रंग कुठून असणार!

"सुरेशभाऊ, रंग ओला आहे म्हणालात ना? कुठाय रंग?"

मी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट दाखवलं. "तो काय. ओलाच आहे."

तो हसला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सांगाड्याच्या आतून नानांचा आवाज आला, "साहेब, दीड महिना लागी अजून."

त्या दिवशी मी नानांशी बोललो नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

*

रावेरच्या एका पार्टीला टपावर उंच कॅरिअर हवं होतं. आम्ही दिलं. झकास बसवलं, रंगवलं. गाडी बाहेर काढायला गेलो, तर कॅरिअर शेडच्या दाराला अडलं! गाडी बांधली आत, माप घेतलं गाडीचं, दाराचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

शेठ खुर्चीत बसले ते उठेचनात. नानांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि टायरांतली हवा कमी करायला सांगितली. तरी दोन बोटं कमी पडत होती. मग म्हणाले, "बठ्ठा जण गाडीमा बसा. वजनघाई दबी ती."

वेल्डर बसले, पेंटर बसले, वॉचमन बसला, मी बसलो. शेवटी शेठही बसले. एक पेंटर दारात उभा राहून ओरडत होता, "मागे सरका, मागे सरका, मधे जागा आहे!" स्प्रिंगा दबल्या आणि गाडी अलगद बाहेर आली. टाळ्या पडल्या.

मग कळलं की गाडीच्या दाराला आतलं हँडल अजून बसवलेलंच नाही. पेंटर दार लावून मोकळा झाला होता. बाहेरून उघडायला शेडमध्ये माणूसच उरला नव्हता!

*

एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले. चाळीस सीटांच्या गाडीत त्यांना साठ हव्या होत्या. मी लगेच हो म्हणून बसलो, धंदा मंदीत होता. नानांनी एक सीट दुसऱ्या सीटला जवळजवळ चिकटवून ठेवली आणि अध्यक्षांना म्हणाले, "बसा."

अध्यक्ष बसले खरे, पण उठता येईना. गुडघे अडकले. दोघांनी दोन्ही हातांना धरून त्यांना उपटून काढलं. घाम पुसत ते म्हणाले, "मुलं काय हो, लहान असतात."

"पोरे मोठा व्हतीन साहेब," नाना म्हणाले. "गाडी तितलीच राही."

ऑर्डर गेली. शेठ मला बोलले. नानांना बोलायची हिंमत त्यांच्यातही नव्हती.

*

आता टोपीची गोष्ट सांगायला हवी.

गाडी तयार झाली की तिच्यावर चारी बाजूंनी पाण्याचे फवारे सोडतात. कुठे गळते का ते बघायला. आत सीटांवर जुने पेपर पसरायचे, म्हणजे थेंब पडला की डाग दिसतो. सगळीकडे असंच करतात. आमच्याकडे आणखी एक रीत होती. पाणी चालू असताना नाना आत बसायचे. एकेका सीटवर थोडा थोडा वेळ, डोक्यावर धुतलेली पांढरी टोपी. पेपर कोरडे असले तरी टोपीवर ठिपका आला, तर गाडी जायची नाही. त्यावर अपील नाही.

अमळनेरच्या आबांची पहिली गाडी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर न्यायची ठरली होती. आबा तेव्हा तरुण होते, शेत विकून या धंद्यात उतरलेले. सगळं घर आलं होतं. हार, नारळ, आरतीचं ताट, शिवाय डब्यांत पुरणपोळ्या आणि आमरस. फवारे थांबले आणि नाना बाहेर आले. टोपीवर हरभऱ्याएवढा एक ठिपका.

"गळस," नाना म्हणाले.

आबा भडकले. "एक थेंब शे नाना! मुहूर्त जाई राह्यना!"

नाना सरळ टपावर चढले आणि पत्रा उचकटायला लागले. मुहूर्त गेला. संध्याकाळपर्यंत सगळं घर शेडमध्ये बसून राहिलं, आणि डबे तिथेच उघडले गेले. आबांची बायको आम्हा सगळ्यांना वाढता वाढता म्हणाली, "मुहूर्त गया ते गया. आखाजीनं जेवण ते व्हयनं ना!"

त्यानंतर आबांनी दुसऱ्या कुणाकडे गाडी बांधली नाही.

*

नवे नियम आले तेव्हा तपासणीला एक तरुण साहेब आले. हातात टॅब. त्यांनी गाडी नीट बघितली, त्यांना आवडलीही. मग नानांना विचारलं, "या बॉडीचं ड्रॉइंग कुठे आहे?"

नानांनी टोपीवर बोट ठेवलं. "आठे."

साहेब टॅबकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. अपलोड करून टाका."

आम्ही हसलो. पण त्या कागदांपायी पुढचे आठ महिने गेले आणि हातातली दोन गिऱ्हाइकं गेली. हसू तिथेच संपलं.

*

शेड बंद करायचं ठरल्यावर मी नानांना धुळ्याला घेऊन गेलो, तयार बॅटरीची बस बघायला. शोरूममध्ये एसी, चकाचक फरशी. विकणारा मुलगा गोड बोलत होता. नानांनी बूट बाहेर काढले. मला उगाच लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली.

नानांनी छताला हात लावला, वेल्डिंगवरून बोट फिरवलं, सीटवर बसून गुडघे बघितले. मग विचारलं, "पाणी मारीसन पाहतस का?"

"हो ना बाबा! फॅक्टरीत सगळं मशीनवर होतं."

"आत कोण बसस?"

"आत? कोणीच नाही."

परत येताना आम्ही एसटीत बसलो होतो. पारोळा येईपर्यंत नाना एसटीच्या छताचे जोड निरखत होते. मग म्हणाले, "गाडी चांगली शे. बठ्ठं चांगलं शे. मी खोटं नही बोलस, सुरेश."

खोटं बोलले असते तर फार बरं झालं असतं.

*

आबांची शेवटची गाडी तयार झाली. पांढरी, निळ्या पट्ट्याची. आबांचे फोनवर फोन. "लगनसराई शे सुरेशभाऊ! मी बुकिंग घेई बठनू! गाडी परवा पाहिजे म्हणजे पाहिजे!"

फवारे सोडले. नाना आत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले. टोपीवर एक ठिपका.

"गळस."

मागचा पत्रा उघडला, सील बदललं, पत्रा बसवला. एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारे. नाना बाहेर आले. टोपीवर चार मोठे डाग. "गळस." कुठे ते विचारलं तर म्हणाले, "पाहनं पडी." पुढचा पत्रा उघडला. चौदाही जण कामाला लागले. कुणालाच घाई दिसत नव्हती.

मी हळूच गाडीत चढलो. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत सगळे पेपर कोरडे करकरीत. शेवटच्या सीटखाली नानांची पाण्याची बाटली होती. अर्धी रिकामी.

वळून बघतो तर दारात शेठ उभे. त्यांनीही पेपर बघितले, बाटली बघितली.

"नाना म्हणतात गळते," शेठ म्हणाले, "म्हणजे गळते."

आबांचा फोन वाजला. सत्तावीस वर्षं मी या फोनवर सराईतपणे थापा मारल्या होत्या. त्या दिवशी आधी बाटली सीटखाली आत सरकवली, मग फोन उचलला. "आबा," मी म्हणालो, "गाडी गळतेय."

तिसऱ्या दिवशी आबा स्वतः आले. पंचा खांद्यावर, कडक इस्त्रीची टोपी, कपाळावर आठ्या. रिकाम्या होत आलेल्या शेडवरून नजर फिरवत थेट गाडीपाशी गेले. "सोडा पाणी. आज मी बी बसस नानासंगे."

पाणी सुटलं. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. काचांवरून पाणी ओघळत होतं आणि आतून शेवटच्या सीटवर दोन पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. शेजारी शेजारी. ते बोलत होते की नव्हते, कळायला मार्ग नव्हता. अर्धा तास झाला. पाणी बंद केलं.

आधी आबा उतरले. टोपी जशीच्या तशी, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मागून नाना उतरले. त्यांची टोपी पिळता आली असती. पाणी कानावरून गळ्यापर्यंत आलं होतं. ते कुणाकडेच बघत नव्हते. "गळस" असंही म्हणाले नाहीत.

आबांनी त्यांच्या टोपीकडे बघितलं. बराच वेळ. मग भिंतीला टेकलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं. स्वतःच्या डोक्यावरची कोरडी टोपी काढली, तिची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"गाडी गळस, सुरेशभाऊ," आबा म्हणाले. "माले काही घाई नही. मी परवा येसू."