यूव्हीचा प्लग आणि पाहुण्यांचं कोरल

आमच्या दिवाणखान्यातला खाऱ्या पाण्याचा टँक माझा नाही, मुलीचा आहे. पण मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की त्यांना टँकसमोर उभं करून भाषण देण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. कोरल म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत प्राणी असतो, वगैरे. मुलगी मागे सोफ्यावर बसून डोळे फिरवायची, कारण त्यातलं निम्मं चुकीचं असायचं.

ऑगस्टमध्ये ती पेनसिल्व्हेनियात कॉलेजला गेली. जाण्याआधी तिनं मला टँकखालच्या कपाटासमोर जमिनीवर बसवलं. आत एक काळी, जाड नळी होती. नळीत अल्ट्राव्हायोलेट दिवा. लहान पंप टँकमधलं पाणी त्या नळीतून संथपणे फिरवतो आणि पाण्यात पोहणारे परजीवी त्या उजेडात मरतात. हा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून नळी सगळीकडून बंद. तो चालू आहे हे फक्त एका जोडापाशी दिसणाऱ्या बारीक जांभळ्या रेषेवरून कळतं.

"पंप जोरात सोडला तर जास्त पाणी साफ होईल ना?" मी विचारलं.

"बाबा, जोरात गेले तर ते मरत नाहीत. टॅन होऊन बाहेर येतात."

तिनं दोनच नियम सांगितले. यूव्ही कधीही बंद करायचा नाही. आणि मासा असो, कोरल असो, नवीन काहीही थेट टँकमध्ये सोडायचं नाही. आधी काही आठवडे गराजमधल्या वेगळ्या टबमध्ये ठेवायचं.

"म्हणजे बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे," बायको म्हणाली.

"आई, एक्झॅक्टली. बाबाला हे तूच समजाव."

टँकमध्ये दोन नारिंगी मासेही होते, पण हे सगळं मुख्यतः एका माशासाठी होतं. निळा सर्जनफिश. शेपटीजवळ नस्तरासारखा काटा असतो म्हणून सर्जन. मुलीनं तो आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आता तळहाताएवढा झालाय. जपानी सुशीभोवती गुंडाळतात ते वाळलेलं शेवाळ, नोरी, तो तिच्या बोटांतून ओढून खायचा. आमच्या बोटांतून नाही. दिसायला राजबिंडा आणि तब्येतीनं नाजूक. पांढऱ्या ठिपक्यांच्या ज्या रोगाची असे टँक ठेवणारे सगळेच धास्ती घेतात, तो याच जातीला आधी धरतो. ठिपके कल्ल्यांत भरले की श्वास संपतो. निघताना मुलीनं आम्हाला मिठी मारली आणि मग काचेला कपाळ टेकवलं. मिठीपेक्षा कपाळ जास्त वेळ टेकलेलं होतं.

मग गणपती आले. आमचा गणपती दर वर्षी टँकशेजारच्या कोपऱ्यात बसतो, कारण दिवाणखान्यात सोफ्याचा नसलेला तेवढाच एक कोपरा आहे. या वर्षी आरतीला इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष येणार होते. अध्यक्ष होण्याआधी ते साधे काका होते. आता ते घरोघरी आरतीला जातात, आरती झाल्यावर दोन शब्द बोलतात, आणि ते दोन शब्द संपेपर्यंत मोदक गार होतात. त्यांच्याही घरी टँक आहे, भिंतीएवढा. त्याची निगा राखायला माणसं येतात. त्यामुळे ते या विषयावर अधिकारानं बोलतात.

पुण्याहून आणलेलं, दिव्यांचं फिरतं चक्र मी मूर्तीमागे लावलं, तेव्हा लक्षात आलं की एकही सॉकेट रिकामं नाही. मी टँकखालचं कपाट उघडलं. मोठा पंप घुरघुरत होता, हीटरचा लाल ठिपका दिसत होता. एकच प्लग असा होता की तो काढला तर कुणाला काही कळलं नसतं. तो यूव्हीचा होता आणि ते मला माहीत होतं. दोन तासांचा तर प्रश्न, असं म्हणून मी तो काढला. चक्र फिरू लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अय्या, किती छान."

अध्यक्ष आले ते हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत दगडाच्या चकतीवर जांभळ्या कोरलचा एक तुकडा.

"पेढे सगळेच आणतात," ते म्हणाले. "म्हटलं, तुमच्या गणपतीला आमच्या समुद्रातलं काहीतरी."

"वा. हे मी गराजमध्ये ठेवतो."

"गराजमध्ये?" त्यांचा आवाज असा झाला, की जणू मी त्यांनाच गराजमध्ये बसायला सांगितलं होतं.

"अहो, असेल त्यांची काही पद्धत," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"कसली पद्धत? आमचा टँक हॉस्पिटलसारखा क्लीन आहे. सोडा हो, आमच्यासमोर सोडा. फोटो काढू."

मुलीनं नाही म्हटलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण खोलीत वीसेक माणसं होती, हातात टाळ होते, आणि पाहुण्यानं देवासमोर आणलेली वस्तू संशयित म्हणून बाजूला ठेवणं मला जमेना. अशा माणसांच्या भाषणांवर मी आयुष्यभर मागच्या रांगेतून कोट्या करत आलोय. पुढच्या रांगेत यायची वेळ आली तेव्हा मी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. बायको निरांजन घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग निरांजनाकडे पाहिलं. फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. त्याखाली खूप हात जोडले गेले.

विसर्जन झालं. मखर मात्र तसंच राहिलं, कारण ते उतरवायला सुट्टीचा दिवस लागतो आणि सुट्टीच्या दिवशी कंटाळा येतो. चक्र कुणीतरी बंद केलं होतं, पण त्याचा प्लग जागेवरच होता. दोन तासांच्या कामाला मी मुदत ठरवली नव्हती.

एके सकाळी मासा दगडावर अंग घासताना दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर पंखांवर कुणी रवा भुरभुरावा तसे ठिपके. मी धावत जाऊन यूव्ही लावला. जांभळी रेषा आली आणि मला उगाचच हायसं वाटलं. मग वाचायला बसलो. यूव्ही म्हणजे औषध नव्हे. जे परजीवी पाण्यात पोहत नळीपर्यंत येतात तेवढेच त्यात मरतात. माशाच्या कातडीत शिरलेले मरत नाहीत, वाळूत आणि दगडावर चिकटून वाढणारे मरत नाहीत. कोरलच्या चकतीवरून आलेले पहिल्यांदा पोहायला निघाले, तेव्हा दिवा चालू असता तर त्यातले बरेच मेले असते. कदाचित. त्या 'कदाचित'ला धरून मी पुढचे दिवस काढले.

मुलगी व्हिडिओ कॉल करायची. मी टँकचे फक्त निळे दिवे चालू ठेवायचो. निळ्या उजेडात निळ्या माशावरचे ठिपके नीट दिसत नाहीत.

"बाबा, व्हाइट लाइट्स लाव ना. तो नीट दिसत नाहीये."

"टायमर बिघडलाय गं."

स्वयंपाकघरात बायकोनं कढई जरा जोरात ठेवली. फोन बंद झाल्यावर ती बाहेर आली.

"सांग तिला."

"परीक्षा चालू आहेत तिच्या. बरा झाला की सांगतो."

"आणि नाही झाला तर कधी सांगणार आहेस?"

माशानं नोरी सोडली. कल्ले भराभर हलू लागले. आता उपाय एकच होता: त्याला टँकमधून काढून वेगळ्या टबात तांब्याच्या औषधात ठेवायचं. ते औषध टँकमध्ये घालता येत नाही, त्यानं कोरल मरतात. मी जाळी घेऊन प्रयत्न केला. मासा दगडांच्या फटीत शिरला, माझ्या हातून एक जुनं कोरल तुटलं, आणि तो बाहेर आलाच नाही. तो फक्त एकाच माणसाच्या हाताला यायचा. मग मी फोन केला. परीक्षांचा विचार करण्याइतका वेळ माशाकडे नव्हता.

मी सगळं सांगितलं.

"कोरल कोणी आणलं?"

"अध्यक्ष काकांनी."

"तू त्यांची एव्हरी इयर नक्कल करतोस."

"हो."

"आणि ते म्हणाले म्हणून टाकलंस."

"हो."

मग ती म्हणाली, "मी प्लगला टेप लावायला हवी होती. इट्स ऑन मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "टेप असती तरी मी काढला असता. तो कशाचा आहे हे मला माहीत होतं."

मग तिचा आवाज कामाला लागला. पंप बंद करा. दिवे मंद करा. तिचा पारदर्शक डबा कपाटात मागे आहे, त्यात नोरी अडकवा, डबा पाण्यात धरा आणि अजिबात हलू नका.

"धरतो," मी म्हणालो.

"नाही. आईला धरू दे. तू घाई करतोस."

बायकोनं कोपरापर्यंत हात बुडवून डबा धरला. ती हात तसूभरही न हलवता उभी राहिली आणि मुलगी फोनवर तिच्याशी हळू आवाजात हॉस्टेलच्या जेवणाबद्दल बोलत राहिली. बऱ्याच वेळानं मासा फटीतून बाहेर आला, डब्यात शिरला, आणि बायकोनं झाकण लावलं. बरोबरचे दोन नारिंगी मासेही तसेच काढले. परजीवींना उपाशी मारायचं तर टँकमध्ये काही आठवडे एकही मासा असून चालत नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी विचारलं, "आमचं कोरल काय म्हणतंय?" मी म्हणालो, चांगलं वाढतंय. ते खरं होतं.

मासा वाचला. ठिपके गेले, एक डोळा मात्र धुरकट राहिलाय. गराजमधल्या टबात तो आता नोरी खातो. औषधाचं प्रमाण कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर तेच त्याला मारेल, म्हणून पाणी रोज तपासायचं असतं. मुलगी अजूनही फोन करते. माझ्याशी नीट बोलते, ऑफिस, हवा, माझी पाठ. मग म्हणते, "आईला दे ना."

बायको फोन घेऊन गराजमध्ये जाते आणि सगळे पांढरे दिवे लावते. मी दारापर्यंत जातो.

"आज कॉपर किती आलं?" मुलगी विचारते. बायको आकडा सांगते.

"बाबानी टेस्ट केली की तू?"

"मी."

"ओके," मुलगी म्हणते. "मग ठीक आहे."