मॅडमचा भाव

वेबसाइट बनवायचे किती घ्यायचे, हे तेव्हा दिल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मला तर मुळीच नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने ‘बेटी, घर बैठे का काम है’ म्हणत माझा आकडा निम्म्यावर आणला आणि मी भिडेपोटी मान डोलावली. बेटीला बेटीचाच भाव मिळतो, एवढं त्यातून शिकले.

पुढे फरीदाबादच्या एका नटबोल्टच्या कारखान्यातून बोलावणं आलं. बाबा स्कूटरवरून सोडायला आले. केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. उन्हात उभं कसं करायचं, म्हणून मीच त्यांना आत घेऊन गेले. मालकाने खुर्ची दिली ती त्यांना, आणि आपण यांचे कोण, असं विचारलं तेही त्यांनाच. बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "हमारे ऑफिस में हैं. अकाउंट्स देखते हैं."

ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल.

बाबा उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मागे उभे राहिले. मी पंचवीस हजार सांगितले. मालक हसला आणि बाबांना म्हणाला, जरा समजवा तुमच्या मॅडमना. ज्या माणसाने जन्मात भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस केली नाही, तो शांतपणे म्हणाला, "सर, मॅडम इससे नीचे नहीं करतीं."

पंचवीस ठरले. मला आनंद झाला. आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या आनंदाची.

घरी बाबांनी आईला कौतुकाने सांगितलं, पोरगी सौदा बिल्कुल पक्का करते. स्वतःचं नाव काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी माफी काही मागितली नाही.

कामासाठी दिलेला फोन नंबर घरचाच होता. मालकाचा फोन आला की बाबा पेपर बाजूला ठेवून उचलायचे, "होल्ड कीजिए सर, मॅडम को देता हूँ" म्हणायचे आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला हाक मारायचे. महिनाभर हेच चाललं. शेवटी मला राहवेना.

"बाबा, मी सांगून टाकते त्यांना, तुम्ही माझे कोण ते."

"वेडी आहेस का? भाव पडेल तुझा."

मी सांगितलं नाही.