डावीकडचा भरलेला प्याला

चर्चच्या मंडळीत तिला सगळे प्यालेबाई म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी झाला, सगळ्यांनी द्राक्षरसाचा घोट घेतला, की मागच्या खोलीत ते बोटाच्या पेराएवढे काचेचे प्याले धुवायचं काम तिचं, आणि चोवीस वर्षांत तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं. प्याले शंभरावर. आधी गार पाण्यातून, मग कोमट साबणाच्या पाण्यातून, मग मऊ फडक्याचं टोक पिळून आत घालायचं आणि प्याला फिरवायचा. फडकं फिरवायचं नाही. नव्याने लग्न झालेल्या मुली हौसेने मदतीला येत, फडकं फिरवत, दोन प्याले फोडत आणि पुन्हा दिसत नसत. प्यालेबाई त्यांना काही बोलायची नाही. नुसती बघायची, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

रसही तीच करायची. शनिवारी सकाळी काळी द्राक्षं उकळायची, मलमलीतून गाळायची, हाताच्या अंदाजाने साखर घालायची. स्वतः चाखून मात्र बघायची नाही. पाळकबाईंना विचारायची, बरा झालाय ना? पाळकबाई म्हणायच्या, छान. पाळकबाईंना सगळंच छान वाटायचं, अगदी त्यांच्या यजमानांचं प्रवचनसुद्धा.

उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, मागच्या दाराशी गुलाबाच्या मुळाशी घालायचा, हा नियम तिच्या आधीच्या बाईने घालून दिलेला. त्यात काही गूढ नव्हतं. रस तो रसच. त्याचं खरोखर रक्त होतं असं आपली मंडळी मानत नाही, हे तिने लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. पण ज्याच्या मरणाची आठवण म्हणून तो भरला, त्याची काही मर्यादा ठेवायची की नाही? मोरी ती मोरी.

तर साऱ्या मंडळीचे प्याले भरणाऱ्या या बाईने स्वतः अकरा वर्षांत प्याल्याला ओठ लावला नव्हता. हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती मागच्या खोलीत असायची, लोकांना वाटायचं तिकडेच घेत असेल. ती आपला एक प्याला भरून खिडकीत ठेवायची आणि सगळं आवरलं की तो गुलाबाला घालायची.

कारण होतं तिची धाकटी बहीण. धाकटीला हिनेच कडेवर खेळवलेलं, वेण्या घातलेल्या, भरवलेलं. सरबतात दोन चमचे साखर जास्त पडल्याशिवाय ती पोर ग्लासाला तोंड लावायची नाही, आणि आई ओरडायची म्हणून ही ती साखर चोरून घालायची. पुढे दोघींची लग्नं झाली, थोरली लवकर विधवा झाली आणि म्हातारी आई तिच्याकडे राहायला आली. बारा वर्षं तिने आईचं सगळं केलं. मग अशाच एका पहिल्या रविवारी ती प्याले धुवायला थांबली, नेहमीपेक्षा अर्धा तास जास्तच, आणि इकडे आई न्हाणीघरात घसरली. त्या पडण्यातून ती उठली नाही.

कबर बुजवून लोक पांगत होते तेव्हा धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "तू प्याले पुसत बसलीस ताई, आणि आई ओल्या फरशीवर पडून होती."

थोरलीने मान वर केली. "बारा वर्षं मी तिला न्हाऊ घातलं. तू पाहुणी म्हणून यायचीस. पाहुणीने बोलू नये."

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. शिवाय दोघींचे बाण खरे होते, म्हणून जास्त आत गेले. त्यानंतर दोघी एकाच छपराखाली उपासनेला येत राहिल्या, धाकटी डावीकडच्या बाकांवर, थोरली मागच्या खोलीच्या दाराशी. समोरासमोर आल्याच तर मान हलवायच्या. बोलणं नाही.

आणि दर प्रभुभोजनाच्या आधी पाळक तेच सांगत: आधी स्वतःला तपासा, भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर आधी जाऊन समेट करा, मग या. दुसरे लोक हे वाक्य पावसाच्या अंदाजासारखं ऐकत. थोरली ते शब्दाला शब्द घ्यायची. समेट झालेला नाही, मग प्याला कसा घेणार? उपाय सरळ होता: उठावं, चार गल्ल्या चालून जावं आणि म्हणावं, चुकले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकदा ती गेलीसुद्धा, धाकटीच्या जिन्यावर अर्ध्यापर्यंत. आतून हसण्याचा आवाज आला. माझ्यावाचून यांचं काही अडलं नाही, असं मनाशी म्हणून ती तशीच परतली. आता माणसं घरात हसणार नाहीत तर काय रडत बसणार? पण रुसलेल्या माणसाला हे कोण समजावणार.

भांडणानंतर दोनएक महिन्यांनी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. भरलेले प्याले ज्या ताटातून बाकांवर फिरायचे ते वेगळं, आणि पिऊन झाल्यावर रिकामे प्याले गोळा करायचं ताट वेगळं. डाव्या बाजूचं एक, उजव्या बाजूचं एक. डावीकडच्या रिकाम्यांच्या ताटात एक प्याला भरलेला होता. काठोकाठ, थेंबही न हललेला. म्हणजे कुणीतरी शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून प्याला हातात घेतला होता, मान खाली घातली होती आणि न पिता परत ठेवला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग दर महिन्याला.

कोण ते कळायला मार्ग नव्हता, डावीकडे साठ माणसं. तिने शोधही घेतला नाही. आपलं झाकलेलं असताना दुसऱ्याचं उघडं करू नये, एवढी समज तिला होती. पण त्या माणसाविषयी तिला माया वाटायला लागली. साऱ्या मंडळीत आपल्या पंगतीचा हा एकच. गुलाबाच्या मुळाशी ती दोन प्याले ओतायची, एक आपला, एक त्याचा, आणि उभ्यानेच म्हणायची, "प्रभू, त्या डावीकडच्याला सोडव. त्याच्या मनात काय आहे ते तुला ठाऊक. त्याला एकट्याला ठेवू नकोस." स्वतःसाठी तिने कधी मागितलं नाही आणि बहिणीसाठी तर नाहीच. अकरा वर्षांत दोनदाच डावीकडचं ताट पूर्ण रिकामं आलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, सुटला बिचारा, आणि तिने देवाचे आभार मानले. पण पुढच्या महिन्यात भरलेला प्याला पुन्हा हजर.

एकदा तिने पाळकांना आडून विचारलं, की समजा मंडळीतलं कुणी लाजेपोटी प्याला घेत नसेल, तर? पाळक कधी नव्हे ते थोडक्यात बोलले. "हे जेवण लायक माणसांचं बक्षीस नाही, बाई. भुकेल्यांसाठी आहे. समेट करायचा म्हणजे उपाशी राहून वाट बघायची असं नव्हे. कोण आहे ते सांगू नका, मी येत्या रविवारी सगळ्यांनाच सांगतो."

ती घाबरली. आपल्यावरच नजर येईल असं तिला वाटलं. तोंडाने मात्र म्हणाली, नको, त्या माणसाला उगाच ओशाळं होईल. पाळक म्हणाले, बरं, आणि तो विषय तिथेच राहिला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर भाचीचा फोन आला. आईच्या डोक्यात रक्तस्राव झालाय, मावशी, ये. थोरली पायातली चप्पल न बदलता गेली. तीन दिवस तिने धाकटीचा हात हातात धरला. चुकले गं, असं किती वेळा म्हणाली याला हिशोब नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेलही. चौथ्या दिवशी सकाळी धाकटी गेली. या वेळी कबरीपाशी कुणी काही बोललं नाही.

थोरलीने मनाची समजूत एका गोष्टीवर घातली. धाकटी दर महिन्याला प्याला घेत होती, सगळ्यांबरोबर, बाकावर बसून. म्हणजे तिचं मन देवाजवळ मोकळं असणार. मला विसरली असेल, पण अडकून राहिली नव्हती. या समजुतीला थोडी रागाची कडू चव होती, तरी होती ती समजूतच.

मग पहिला रविवार आला. उपासना झाली, ताटं मागच्या खोलीत आली. तिने आधी उजवं रिकामं केलं, मग डावं ओढलं आणि सवयीने भरलेला प्याला शोधला. नव्हता. तिने एकेक प्याला उचलून बघितला. सगळे रिकामे, तळाशी जांभळा ठिपका. चला, तिला वाटलं, माझ्या वाईट दिवसांत एक तरी सुटला. डाव्या बाजूला ताट फिरवणारे मंडळीतले वडीलधारे गृहस्थ रुमाल ठेवायला आत आले तेव्हा तिने सहज विचारलं, आज तिकडचं कुणी आलं नव्हतं का?

त्यांनी रुमाल फळीवर ठेवला. "सगळे होते, बाई. तुमची बहीण तेवढी."

ते गेले. ती ताट धरून उभी राहिली. मग तिला ते दोन महिने आठवले, ज्यात ताट रिकामं आलं होतं. एकदा धाकटी लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती. एकदा तिचा पाय मोडला होता, हे हिला दुसऱ्यांकडून कळलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते ऐकायला किती गमतीचं असतं. अकरा वर्षं दोघी बहिणी भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींसाठी उपाशी बसल्या होत्या. पाळकांचं ते एक वाक्य त्या रविवारी धाकटीच्या कानावर पडलं असतं. ते हिने पडू दिलं नाही.

ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडावर धरून रडली. रडून झाल्यावर तोंडात आपोआप तेच शब्द आले, प्रभू, त्या डावीकडच्याला. आणि ती थांबली. मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करत नाही. ते प्रभूच्या हातात असतात, तिथे आपल्या शिफारशीची गरज नाही. हेही तिने वर्गात पाठ केलं होतं आणि आजवर तिला ते फार दिलाशाचं वाटायचं. अकरा वर्षं जिच्यासाठी न चुकता मागितलं, तिचं नाव कळलं त्याच दिवशी मागायचं संपलं होतं.

खिडकीत तिचा स्वतःचा प्याला होता. तिने तो उचलला, दारापर्यंत गेली, गुलाबाकडे बघितलं. मग म्हणाली, "प्रभू, मला," आणि पुढचं काही सुचेना, म्हणून एवढ्यावरच तिने तो ओठाला लावला.

रस फार गोड होता. साखर जास्त पडली होती, नेहमीच पडत असणार, आणि पाळकबाईंनी कधी सांगितलं नव्हतं. धाकटीला लागायचा तेवढा, दोन चमचे जास्त.