हाकेला पुरणारं नाव

"वाघाचं नाव हाय? मंग बकऱ्या विकून टाका म्हना!"

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात वहिनीसाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात भरत होते. दादा अंगणात उभा राहून शेजारच्या मावशींना सांगत होता, की बाळाचं नाव शार्दूल ठरलंय, शार्दूल म्हणजे वाघ. आमच्याकडे दोन बकऱ्या होत्या. दादाला हसू आलं नाही. मला आलं, पण मी ते लाडवांपुढेच हसून घेतलं.

त्या काही आमच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. मोताळ्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे छातीएवढी भिंत. घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात त्या मेथी, वांगी, मिरच्या लावायच्या आणि आठवडी बाजारात विकायच्या. आवाज त्या बाजारातच तयार झालेला. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की मावशी नावाची परीक्षा घ्यायच्या. "नाव कागदावर पाह्यचं नसते, हाक मारून पाह्यचं असते," असं म्हणत ओट्यावर चढायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि ते नाव गल्लीच्या टोकापर्यंत सोडायच्या. एकदा 'कियांश' सोडून पाहिलं. "हे अर्ध्यातच पडते वं," म्हणाल्या. लोक हसायचे, तरी विचारायला यायचे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नीट पाहिलंत तर कळेल, लोक त्याच्याकडे उत्तरासाठी जात नाहीत, गंमत अनुभवायला जातात आणि उत्तर घेऊन येतात.

त्या दिवशीही त्या ओट्यावर चढल्या. "शार्दूऽऽल!"

समोरच्या घरातून एक पोरगा आला. शेजारच्या मास्तरांच्या घरातून दुसरा आला. गल्लीच्या तोंडाशी सायकल फिरवत होता तो तिसरा, वळून आला. "काय वं आजी?"

"काही नाही रे बाप्पा, जा खेळा," मावशी म्हणाल्या आणि दादाकडे वळल्या. "नाव दमदार हाय. पन तुह्या लेकाले बलावाच्या आधी या तिघाइले घरी पाठवा लागन."

"मावशी, आजकाल हेच चालते."

"चालू दे ना. मी कुठं अडवून राह्यली?"

मला माझा वर्ग आठवला. मी बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या वर्गात तीन मयूर होते. टीचर तिघांनाही आडनावानेच हाक मारायच्या, त्यामुळे शाळा संपेपर्यंत मयूर असा कुणीच उरला नाही. हे मी मावशींना एकदा सांगितलं होतं. मी स्वतःहून फार कमी बोलते, म्हणून त्यांनी ते मन लावून ऐकलं. "मोर तीन अन् पिसारा एकालेबी नाही," म्हणाल्या आणि मग त्या मयूरांची खूप वेळ कीव करत बसल्या.

त्यांच्या मुलाचं नाव राघू. राघू म्हणजे पोपट. हल्ली हे नाव कुणी ठेवत नाही. मोबाईलवरच्या नावांच्या याद्यांत वाघ, सिंह, गरुड भरपूर सापडतात, पोपट सापडत नाही. मावशींनी मला एकदा विचारलं होतं, "इंग्रजीत काय म्हंतेत वं त्याले?"

"पॅरट."

त्यांनी लगेच ओट्यावरून "पॅरऽऽट" अशी हाक मारून पाहिली. "नाही जमत," म्हणाल्या. "उंबरठाबी वलांडत नाही."

राघू पोटात होता तेव्हा त्यांच्या वावरात ज्वारी होती आणि त्या दिवसभर कणसांवरचे पोपट हाकलायच्या. घरात ठरलं होतं राजेंद्र. बारशाला पाळण्यापाशी त्यांची नणंद वाकली. मावशी तिच्या कानाशी लागल्या आणि म्हणाल्या, राघू म्हण. आमच्याकडे बाळाच्या कानात आत्या जे सांगेल तेच नाव. मग आजोबाही बदलत नाहीत.

"पण दिवसभर ज्याला हाकलायचं, त्याचंच नाव कसं ठेवलंत?" मी विचारलं.

"काऊन? कितीबी हाकललं तरी संध्याकाळी झाडावर येतेच ना ते."

राघू शिकला, पुण्याला गेला, चांगल्या नोकरीला लागला. तिथे त्याने राघव करून घेतलं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. गावाकडची बोली तोंडातून निसटली की समोरच्याच्या ओठांवर काय येतं, ते मी पुण्याला एका मुलाखतीत पाहिलं आहे. पण मावशींचं बोलणं भिंतीवरून ऐकू यायचं. एका दुपारी त्याचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता. "मम्मी, घरी पाहुणे असले की राघू नको म्हणत जाऊ."

"हाव," मावशी म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मला भिंतीशी पाहून हसल्या. "माहा पोट्टा देव झाला, पोरी. राघव!" त्यानंतर फोनवर त्या त्याला नावाने हाक मारेनाशा झाल्या. नुसतं "हाव, बेटा" म्हणायच्या, तेही इतक्या हळू, की मेथीची जुडी मोडल्याचा आवाज त्याहून मोठा यायचा.

आमच्या बाळाला आंघोळ घालायला त्याच यायच्या. पायावर उताणं घेऊन तेल चोळता चोळता "अरे माह्या राघू, अरे माह्या राघू" चालू असायचं. बाळ टक लावून ऐकायचं. दादा कुरकुरला, "मावशी, सवय लागन त्याले."

"लागू दे. बारशापर्यंत त्याले नाव कुठं हाय?"

मग वहिनीही तसंच म्हणायला लागली. दादा घरात नसताना. एकदा मला म्हणाली, "ताई, मले तेच गोड लागते वं. पन ह्याइनं बारशासाठी शार्दूल नावाचा बोर्डबी सांगून ठेवला." मी मान हलवली. दादाशी बोलणं मलाही जमणार नव्हतं.

बारसं सव्वा महिन्याने ठरलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी राघूदादा गाडी घेऊन आला. मावशींचा कधीचा दुखरा गुडघा आता पार गेला होता, ऑपरेशन पुण्यालाच करायचं आणि मग तिकडेच राहायचं ठरलं. त्याने त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, पायाखाली उशी दिली. चांगला मुलगा आहे. मावशी खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "मिरच्या तोडून घेजा वं, पिकून जातीन." गल्लीत चारपाच बायका उभ्या होत्या. 

बारशाच्या दिवशी अंगणात फुगे होते, भिंतीवर सोनेरी अक्षरांत शार्दूल होतं आणि आत्या मी होते. मी तेच म्हणायचं ठरवलं होतं. सकाळी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. मी वाकले, बायकांनी पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली, आणि पाळण्याच्या कठड्यावर ठेवलेल्या माझ्या हातावर वहिनीचा हात आला. तिने वर पाहिलं नाही. नुसता हात दाबला.

"कुर्रर्र," मी बाळाच्या कानात म्हणाले आणि नाव सांगितलं.

"काय ठेवलं वं? मोठ्यानं सांग!" बायका ओरडल्या.

दादा मोबाईल धरून उभा होता. तो हसून बोर्डाकडे बोट दाखवत होता, मला आठवण करून द्यायला. पाठीवरचे हात थांबले. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. मी सरळ उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "राघूऽऽ!"