काठावर कोण हाय?

लातूरहून माझ्या शाळेच्या गावाला जाणारी एसटी मांजरेचा पूल ओलांडते, तेव्हा बसमधली बहुतेक माणसं मोबाइलमध्ये असतात. मी खिडकीची जागा धरून ठेवते आणि पूल आला की मान बाहेर काढते. कंडक्टर पूर्वी ओरडायचे, आता नाद सोडला त्यांनी. बाई शाळेत शिकवतात, त्यांना कोण शिकवणार? पूल अर्ध्या मिनिटात संपतो. तेवढ्यात मला पाण्याचा रंग, फेस आणि म्हशी बघायच्या असतात.

ही खोड माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. पुलापासून खाली कोसभरावर आमचं शेत, आणि शेताला लागून नदी. दिवाळी सरली की आप्पा माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पाण्यात सोडायचे. गावात मुलीला पोहायला शिकवणारा हा एकच बाप. लोक विचारायचे, "पोरीला पवायला शिकवून काय होडी चालवायला लावता का, आप्पा?" आप्पा म्हणायचे, "मग काय, हिरीत पडल्यावर नवरा येईपर्यंत वाट बगू दे म्हंता?"

पण पाण्यात उतरण्याआधी नदीची तपासणी व्हायची, आणि त्यात माफी नव्हती. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आप्पा म्हणायचे, मूळ नका विचारू, पण आज ती कशी हाय हे विचारल्याबिगर पाय घालू नका. पाणी चहाच्या रंगाचं दिसलं की वर कुठंतरी पाऊस झालाय. काडीकचरा आणि फेस मधल्या धारेनं चालला असेल तर पाणी चढतंय, काठाला लागत असेल तर उतरतंय. म्हशी गळ्यापर्यंत निवांत बसल्यात का, ते बघायचं. मग आईनं बांधून दिलेल्या भाकरीचा एक तुकडा पाण्यात टाकायचा आणि काठानं त्याच्याबरोबर चालायचं. चालता चालता पळावं लागलं तर परत फिरायचं. तुकडा रेंगाळला आणि मासे वर आले तर ठीक.

हे सगळं पटलं तरी शेवटचा सवाल राहायचा. "काठावर कोण हाय?" काठावर माणूस नसेल तर पट्टीच्या पोहणाऱ्यानंही उतरायचं नाही. मी पोहायचे तेव्हा आप्पा काठावर असायचे. ते पोहायचे तेव्हा मी, फ्रॉकमध्ये, हातात दोरी घेऊन, छाती फुगवून उभी.

पुढं मी नोकरीला लागले, लग्न झालं, आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. मग आप्पांना लकवा मारला. डावं अंग गेलं. मी त्यांना आणि आईला लातूरला माझ्या घरी आणलं. संध्याकाळी मी पायातली चप्पल काढायच्या आत पलंगावरून आवाज यायचा, "आज पानी कसं हाय?"

मी खोटं सांगायचे. मला वाटायचं, चांगलं म्हटलं तर हे म्हणतील, ने मला, उतरायचंय. एका हाताच्या माणसाला मी नदीत कशी उतरवणार? वाळू उपसून उपसून तिथं तळाला खड्डे पडलेत, वरून काही कळत नाही. म्हणून रोज गढूळ. रोज फेस. महिनाभर मी मांजरेला नासवलं.

एक दिवस मी दमून आले होते. म्हटलं, "लई फेस होता मधून. म्हशी बसल्या होत्या निवांत."

आप्पांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "चढत्या पान्यात म्हसरं कोन घालतंय, बाई? तुला इतकंबी शिकवलं न्हाई का मी?"

मी चप्पल काढायला खाली वाकले.

"न्यायचं न्हाई तर नको नेऊ. पन पानी तरी खरं सांगत जा."

दुसऱ्या दिवसापासून मी खरं सांगू लागले. कधी कधी तर पुलाजवळ उतरून, डब्यातल्या भाकरीचा तुकडा टाकून, पुढच्या बसनं घरी यायचे. आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "आज व्हय" किंवा "आज न्हाई". शाळेत मी मुलांना मार्क देते, घरी मांजरेला आप्पा द्यायचे.

थंडीत एकदा तीन दिवस लागोपाठ "आज व्हय" आलं. मी मनाशी ठरवलं. रविवारी शेजारचा ऑटो सांगितला, प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, आईनं भाकरी बांधली, आणि आप्पांना नदीवर नेलं. पुलाच्या खालच्या अंगाला, सपाट जागा बघून खुर्ची ठेवली. ऑटोवाल्यानं आणि मी त्यांना बसवलं. त्यांनी स्वतःच्या उजव्या हातानं तुकडा फेकला. मासे आले. मी म्हटलं, "आप्पा, उतरायचं मात्र नाही हं. पाय भिजवू फार तर."

"मला कुटं उतरायचंय?" ते म्हणाले. "मी हाय की काठावर. जा तू."

इतके दिवस ते पाणी विचारत होते ते माझ्यासाठी.

आणि मी गेले नाही. पुलावर दोन मोटरसायकली थांबल्या होत्या. अंगावर चांगली साडी होती. ऑटोवाला उभा होता. पन्नाशीला आलेली मास्तरीण नदीत पोहतेय, हे सोमवारी शाळेत पोचलं असतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी, आप्पा. कपडे घेऊन येते." चार लोकांची मला इतकी भीती, आणि त्यातला एकही आज मला आठवत नाही. आप्पा "व्हय" एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत ऑटोत ते मागं वळून नदीकडं बघत होते. पुढची वेळ आली नाही. उन्हाळ्याच्या आधीच ते गेले.

परवा पुलावरून पाणी बघितलं आणि मला बसमध्ये बसवेना. उतरले. पिशवीत जुना पंजाबी ड्रेस होता, गेले कित्येक महिने तो पिशवीतच असतो. रंग स्वच्छ, मधल्या धारेत काही नाही. म्हशी गळ्यापर्यंत बसलेल्या, राखणारा झाडाखाली झोपलेला. मी तुकडा टाकला. तो रेंगाळला, मासे आले. ड्रेस घालून मी घोट्यापर्यंत पाण्यात गेले. पाणी गार होतं. दुपारची वेळ, पुलावर चिटपाखरू नाही, आणि असतं तरी या खेपेला मी कुणाला घाबरणार नव्हते. मग सवयीनं मागं वळले.

खुर्ची ठेवली होती तिथं आता गवत वाढलंय. "काठावर कोण हाय?" मी स्वतःलाच विचारलं, मग "आज न्हाई" म्हणाले आणि बाहेर आले.