बाबांचा मेंदू, नाव वगळून

बाबांना माणसांची नावं आठवेनाशी झाली तेव्हा यवतमाळच्या एका दवाखान्यात त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. त्याची फिल्म घरी पोचायच्या आधीच निम्म्या तालुक्याने पाहून घेतली. नेरच्या एसटीत कंडक्टरने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि "थोडं सुकल्यावानी दिसते" असं मत दिलं. मेडिकलवाल्याने ती उलटी धरली, तरी त्याचंही मत तेच पडलं. शेजारच्या काकांनी निदान केलं गॅसेसचं. गुडघा दुखला तरी ते गॅसेसच सांगतात. बाबा प्रत्येकाला पाकिटावरचं आपलं नाव आधी दाखवायचे, मग मेंदू.

नावाचं त्यांना फार. गावच्या मारुतीला पंखा दिला तेव्हा तिन्ही पात्यांवर लाल रंगात स्वतःचं पूर्ण नाव लिहून घेतलं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, हे नंतर लक्षात आलं. तेव्हापासून भर मे महिन्यातही ते देवळात शिरले की आधी पंखा बंद करतात. भजनी मंडळी घाम पुसत गप्प बसतात, कारण दुसरा पंखा कोणी दिलेला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि एक फॉर्म पुढे केला. या आजारावर अजून पक्कं औषध नाही, म्हणून रुग्णांच्या मेंदूची चित्रं एका ठिकाणी ठेवतात, जगातला कोणीही संशोधक ती फुकट उघडून पाहू शकतो. तुमची द्याल का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालात तरी उपचार तेच राहतील, हेही सांगितलं.

"घ्या न," बाबा म्हणाले. "आमच्या कंडक्टरनं पाह्यली, थे बी पाहतीन."

"त्यावर तुमचं नाव राहणार नाही बरं का. नाव, गाव सगळं काढून टाकतो. चेहऱ्याचा भागही पुसतो, म्हणजे कोणाला ओळखता येत नाही."

बाबांनी फॉर्म परत सरकवला. "नाव नाही, तोंड नाही. मंग राह्यलं काय?"

"मेंदू."

"त्यातच तं घोळ हाये, डॉक्टरबाई."

"द्या ना बाबा," मी म्हटलं. "तुमचं काय जाते?"

"बिननावाचं कायले देऊ? उद्या कोनाले औषध भेटलं, तं त्याले समजन काय कोनाच्या डोक्यातून निघालं?"

मी समजवायला लागले. मी शाळेत शिकवते. समजावणं हा माझा आजार आहे आणि त्यावरही औषध नाही. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, राहू द्या, सोबत कोण आलंय तेवढं फाइलवर लिहून घेते. त्यांनी बाबांनाच विचारलं, "या कोण तुमच्या?"

"माही पोरगी."

"नाव काय यांचं?"

बाबांनी माझ्याकडे हसून पाहिलं. मग खिशातून चष्मा काढून लावला, नाव माझ्या कपाळावरच लिहिलेलं असल्यासारखा. गेले काही महिने ते मला नुसतं "बाई" म्हणत होते. म्हातारपणी लाड वाढलेत, असं मी समजत होते. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, माझ्या आत्याशी भांडून. ते माझ्या तोंडाशी आलं, पण सांगायचा धीर झाला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि इतके दिवस कळलं नाही म्हणून स्वतःचा रागही आला.

बाबांनी चष्मा काढला आणि फॉर्म पुन्हा जवळ ओढला.

"हिचं नाव आता आठवून नाही राह्यलं," ते म्हणाले. "पन पोरगी तं माहीच हाये. नावावाचून काही अडलं नाही. सांगा, सही कुठी करू?"

सही मात्र त्यांनी पंख्यावर आहे तशीच केली: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि चौकटीबाहेर जाऊन गावसुद्धा. मग साक्षीदाराच्या जागी मी माझं नाव लिहायला लागले, तेव्हा ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचू लागले.