सरांच्या आवाजाची राखण

बारामतीबाहेर पिकांच्या रोगांवर काम करणारी एक संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथले कॉम्प्युटर आणि त्यांतली माहिती सांभाळणं हे माझं काम. कुणाला काय उघडता येईल आणि काय नाही, हे माझ्या हातात असल्यामुळं माझ्यावर खूश असलेली माणसं तशी थोडीच.

डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा अभ्यास करणारे आमचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे सर म्हणायचे, ते तर उघडच कुरकुरायचे. पेन ड्राइव्ह लावू देत नाही, दर वेळी मोबाईलवर आलेला आकडा टाकायला लावते, ही त्यांची तक्रार. "मॅडम, तेल्या परवडला, पण तुमचे नियम नकोत," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ते अंथुर्ण्याहून रोज ये-जा करायचे. बागांमधून हिंडताना शेतकऱ्यांशी झालेलं बोलणं छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचे आणि संध्याकाळी आमच्या सर्व्हरवर चढवून मगच घरी जायचे.

एका सकाळी लोणी भापकरच्या एका बागेत त्यांच्या छातीत कळ आली. बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माणूस गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, असा आमचा नियम. उघड्या राहिलेल्या खात्यातूनच चोर आत शिरतो, हे नव्या लोकांना मीच शिकवते. अंत्यविधीला जाणारी गाडी खाली उभी होती, तरी मी परत वर गेले. पडद्यावर त्यांचं नाव, आणि खाली प्रश्न : खातं बंद करायचं का? माऊसवर हात नुसताच राहिला. खालून हॉर्न वाजला तेव्हा कुठं मी बटण दाबलं. अंथुर्ण्यात मी बायकांत बसले होते, पण कुणाकडं बघवेना.

तेरावं झाल्यावर थोड्या दिवसांनी त्यांच्या पत्नी प्रयोगशाळेत आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "ताई, त्यांचा आवाज तुमच्या मशीनमधी हाय म्हणं. माज्याकडं फोटू हायेत, पण आवाज कुठंच न्हाय. तेवढा द्या."

"वहिनी, त्यात शेतकऱ्यांचं बोलणं आहे. मला एकटीला ते उघडताच येत नाही."

"माज्याच माणसाचा आवाज, आन् परवानगी लागती व्हय?"

"मी संचालकांशी बोलते," मी म्हणाले.

ते सगळं रेकॉर्डिंग सांकेतिक रूपात साठवलेलं होतं. संचालकांचा आणि माझा, असे दोन पासवर्ड एका वेळी टाकल्याशिवाय उघडायचं नाही. संचालकांनी होकार दिला. नेटशी न जोडलेला एक कॉम्प्युटर घेऊन सरांचा एकट्याचा आवाज कुठं सापडतो का, ते आम्ही दोघं रोज दुपारी दार लावून ऐकू लागलो.

लोक त्यांच्याशी मोकळेपणानं बोललेले होते. एकानं बंदी असलेलं औषध फवारल्याचं कबूल केलं होतं. एकजण रोगानं गेलेल्या बागेबद्दल सांगता सांगता रडला होता. दर वेळी सर त्यांना एकच सांगत, "हे माझ्याजवळ राहील. तुमचं नाव बाहेर जाणार नाही." ते ऐकताना संचालकांनी चष्मा काढून ठेवला.

मग एका ठिकाणी रेकॉर्डर चालूच राहिलेला सापडला. वारा, पाखरं, आणि फोनवर सर : "व्हय, येतो की. उशीर हुईल. तू जेवून घे, थांबू नकोस."

तेवढाच तुकडा वेगळा काढून आम्ही वहिनींना बोलावलं. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला, पुन्हा लावायला सांगितला.

"जेवून घे म्हणायचे," त्या म्हणाल्या, "पण थांबायचेच मी." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन् बाकीचं?"

"ते देता येणार नाही, वहिनी."

"नगाच देऊ. लोकांनी त्यांच्या भरवशावर सांगितलंय."

तो तुकडा आम्ही त्यांच्या मोबाईलवर दिला. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागेपर्यंत मोबाईल त्यांच्या कानाशीच होता.

पुढं सरांचं काम एका तरुण संशोधक बाईंकडं गेलं. वहिनींचं बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं. जुनं रेकॉर्डिंग बाईंना उघडून देण्याआधी प्रत्येक शेतकऱ्याला पुन्हा विचारायचं, असं मी संचालकांना सुचवलं, आणि बाईंबरोबर मीही गावोगाव फिरले. बहुतेकांनी हो म्हटलं. इंदापूरकडच्या एका म्हाताऱ्या बागायतदारानं मात्र नकारार्थी मान हलवली.

"त्यांना सांगितलं हुतं. तुमाला न्हाय."

"बरं, आबा. मग ते पुसून टाकू?"

"टाका."

दुसऱ्या दिवशी मी ते सर्व्हरवरून पुसलं, मग बॅकअपमधूनही. त्यात सरांचाही आवाज होता. पुसून झाल्यावर आबांना फोन करून तसं कळवलं. त्यांनी "बरं झालं" म्हटलं, आणि सरांच्या घरी आता कोण कोण असतं, ते विचारत राहिले.